बाजूला सरकलेले टिंब

मित्रांनो, मी एक जुने निकलचे नाणे आहे. माझ्या बदल्यात आता साधी काडेपेटीसुद्धा मिळत नाही, तरी कृपा करून पान उलटू नका. एकदा एक भाऊ हातात सुई घेऊन माझ्यावर वाकला होता. माझी सख्खी बहीण तिथेच, त्याच खोलीत पडली होती आणि मला तोंड उघडता येत नव्हते. त्या दिवसाची गोष्ट मला सांगायची आहे. पण आधी जन्माचे सांगते, कारण सगळा घोळ तिथलाच आहे.

माझा जन्म टांकसाळीत झाला. पोलादाचे दोन ठसे असतात, एक वरचा आणि एक खालचा. मध्ये कोरी चकती ठेवतात, वरून यंत्राचा दणका बसतो आणि चकतीचे नाणे होते. माझ्या एका बाजूला शिडाचे गलबत आहे. दुसऱ्या बाजूला माझी किंमत, दोन कणसे आणि खाली साल. टांकसाळी अनेक होत्या, म्हणून कोणते नाणे कुठले हे कळावे यासाठी प्रत्येकीची खूण ठरलेली असे. आमची खूण म्हणजे एक बारीक टिंब. ते सालाच्या खाली, अगदी मधोमध असायचे.

हे टिंब मात्र ठशात हाताने ठोकले जाई. ते काम करणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे टिंबकाका म्हणत. काकांना मोजपट्टी ठाऊक नव्हती. डावा अंगठा ठशाच्या कडेला टेकवायचा, अंगठ्याला लागून खिळा उभा धरायचा आणि हातोडीचा एकच टोला हाणायचा. अंगठा हेच त्यांचे माप. त्या मापाने टिंब कधी तसूभरही इकडचे तिकडे झाले नव्हते. पण माझा ठसा हाती आला त्याच्या आदल्या दिवशी काकांनी घरी खुर्ची ठोकताना नेमका तोच अंगठा चेचून घेतला होता. अंगठ्यावर जाडजूड पट्टी. काकांनी सवयीने अंगठा टेकवला, पट्टीला लागून खिळा धरला आणि ठोकला. टिंब पट्टीच्या जाडीइतके बाजूला सरकले आणि उजव्या कणसाच्या शेवटच्या दाण्याला जाऊन चिकटले.

काका कपाळाला हात लावून बसले. मुकादम म्हणाला, "जाऊ द्या हो काका. एवढंसं टिंब कोण बघत बसतंय?"

त्या बिचाऱ्याला काय माहीत, जगात नेमके तेवढेच बघत बसणारी माणसेही असतात.

त्या ठशाचे आयुष्य थोडेच निघाले. त्याला कडेपासून सालाच्या शेवटच्या आकड्यापर्यंत केसासारखी चीर गेली. ठशाला चीर पडली की नाण्यावर त्या जागी रेघ उठते. माझ्या अंगावर ती रेघ आहे. चिरेनंतर आम्ही थोड्याच बहिणी जन्मलो, मग ठसा भंगारात गेला. आम्हाला एकाच पोत्यात भरून एकाच गावी पाठवले आणि तिथे आमची पांगापांग झाली.

कामाची वर्षे मी मजेत काढली. मी बसच्या वाहकाच्या चामडी पिशवीत खुळखुळले, टेलिफोनच्या फटीत शिरले, वजनकाट्याच्या पोटात पडून जाड माणसांना त्यांचे वजन सांगितले. एक दुकानदारीण तर प्रत्येक नाणे दगडी फळीवर आपटून बघायची. मी खणकन वाजले की म्हणायची, "हं, खरं आहे." मला त्याचा भारी अभिमान वाटे. आपल्याला कोणी खरे म्हणावे, यापेक्षा नाण्याला आणखी काय हवे असते?

मग नवी, हलकी नाणी आली आणि आम्ही बाद झालो. काल मुठीत घट्ट धरणारी माणसे आज आम्हाला खिडकीच्या चौकटीवर ठेवून विसरू लागली. माझी रवानगी झाली ती एका शिंपिणीकडे. पडदा सरळ पडावा म्हणून त्याच्या खालच्या काठात ती जुनी नाणी शिवत असे. तिने मलाही शिवून टाकले, आणि तो पडदा गेला दातांच्या डॉक्टरांकडे. मित्रांनो, मी कित्येक वर्षे अंधारात राहून लोकांचे कण्हणे ऐकले आहे. तसा शेजार कोणाच्या वाट्याला येऊ नये.

तिथून मला सोडवले ते ताईने. ताईचे छोटे दुकान आहे. बक्षिसांच्या कपांवर, ढालींवर, अंगठ्यांच्या आतल्या बाजूला ती नावे कोरते. दाढ दुखत होती म्हणून ती डॉक्टरांकडे आली होती आणि भीतीने शेजारच्या पडद्याचा काठ बोटांत चोळत बसली होती. चोळता चोळता तिचा अंगठा माझ्यावर थांबला. दाढ निघाली, गाल सुजला, तरी निघताना तिने विचारलेच, "डॉक्टर, पडद्यातलं ते जुनं नाणं मला द्याल? बदल्यात दुसरं शिवून देते." डॉक्टरांनी त्यांच्याच एका हत्याराने टाके उसवले आणि मला तिच्या तळहातावर ठेवले.

घरी जाऊन तिने मला भिंगाखाली धरले. आणि काय सांगू, सुजलेल्या गालानेही ती हसली. कारण ताई त्या बघत बसणाऱ्या माणसांपैकीच होती. आमच्या जातीच्या नाण्यांवर टिंब कुठे कुठे पडले आहे, हाच तिचा छंद. मधोमध, जरा डावीकडे, जरा खाली, असे सगळे प्रकार तिच्याजवळ होते. "कणसाला चिकटलेलं टिंब" मात्र नुसते ऐकिवात होते. कोणी म्हणे आहे, कोणी म्हणे थापा आहेत.

रविवारी सकाळी ती मला मंडळात घेऊन गेली. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली आहे, तिथे नाणी जमवणाऱ्यांचे मंडळ भरते. खोलीत एकच मोठे जड टेबल, त्याभोवती खुर्च्या, आणि खुर्च्यांत डोळ्याला भिंगे लावून बसलेली माणसे. मंडळाच्या प्रमुख एक वयोवृद्ध बाई आहेत. गळ्यात कायम भिंग लटकते म्हणून त्यांचे नाव भिंगआजी. आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसतो तो चष्मेवाला, ताईचा थोरला भाऊ. ती त्याला दादा म्हणते, तो तिला छोटी म्हणतो, आणि याच्यापलीकडे दोघे फारसे बोलत नाहीत.

ताईने मला टेबलावर ठेवले. "कणसाजवळचं," एवढेच म्हणाली. मी हातोहात फिरले. कोणी आहाहा म्हणाले, कोणी शिट्टी वाजवली. माझी छाती फुगली होती. मग मी दादाच्या हाती आले. त्याने मला बघितले, बहिणीकडे बघितले, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"हे टिंब तू बसवलंयस," तो म्हणाला.

मित्रांनो, त्याच्या बोलण्याला कारण होते. लहानपणी दोघेही वडिलांच्या हाताखाली कोरीव काम शिकत होते. तेव्हा ताईने गंमत म्हणून एका साध्या नाण्याचे टिंब घासून काढले, सुईच्या टोकाएवढे नवे टिंब भलतीकडे डाखाने, म्हणजे वितळवलेल्या कथलाने, जोडले आणि ते नाणे हळूच दादाच्या सुट्या पैशांत सरकवले. दादाला ते सापडले. तो आनंदाने धावत मंडळात गेला. भिंगआजींनी टिंबाला सुई लावली आणि टिंब टपकन पडले. सगळे पोट धरून हसले. ताई हसली. वडीलही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. दादाने त्यानंतर वडिलांच्या दुकानात पाऊल टाकले नाही. तो चष्मे करायला शिकला. हे सारे ताईने मला काम करता करता सांगितले होते. तिला धातूशी बोलायची सवय आहे.

"तेव्हा केलं ते केलं," ताई म्हणाली. "हे मी केलेलं नाही, दादा. ही चीर बघ ना. चीर कोणाला बनवता येत नाही."

"चीर नाण्याची आहे. टिंब तुझं आहे."

"मला हे डॉक्टरांकडे मिळालं. विचार त्यांना."

"डॉक्टर नाणं दिलं म्हणतील. टिंब कुठे होतं ते बघितलं होतं का त्यांनी?" आणि तो रागाने उठला. उठताना त्याचा हात मला लागला, मी टेबलावरून खाली पडले आणि फरशीवरून घरंगळत टेबलाच्या एका पायाला जाऊन टेकले.

तिथे मला ती दिसली.

टेबल डगमगू नये म्हणून कोणीतरी, कधीतरी, त्या पायाखाली एक चकती खुपसली होती. ती चकती म्हणजे माझी बहीण होती! अर्धे अंग पायाखाली, अर्धे बाहेर. अंगावर मळाचा काळा थर बसलेला. पण साल तेच, रेघ तीच, आणि टिंब कणसाच्या शेवटच्या दाण्याला चिकटलेले. आपल्या माणसाला ओळखायला भिंग लागत नाही. वर एवढी भिंगे होती. ती माणसे दर रविवारी तिच्या डोक्यावर कोपरे टेकून टिंबांवर वाद घालत होती आणि खाली वाकून बघायचे एकालाही सुचले नव्हते. मी जिवाच्या आकांताने ओरडले असते, पण नाण्याला आवाज फुटतो तो कोणी आपटले तरच. कोणाच्या तरी बोटांनी मला उचलले आणि मी पुन्हा वर आले.

वर निवाडा झाला होता. मंडळाचा रिवाजच तसा. शंका ज्याने घेतली त्याने सुई धरायची, नाणे मालकाने धरायचे, आणि तेही दिवसाच्या उजेडात, सर्वांसमोर. टिंब पडले तर नाण्याचे कातरीने दोन तुकडे करायचे आणि मालकाने मंडळात पुन्हा यायचे नाही. मालकाने नाही म्हटले तर ती कबुलीच. भिंगआजी म्हणाल्या, "पुढच्या रविवारी. तोवर जोडीचं दुसरं नाणं आणलंस, टिंब तिथेच आणि चीरही तीच, तर सुईची गरज नाही."

दादा दाराशी थांबून म्हणाला, "टिंब पडलं ना, तर माझ्या घराची पायरी चढू नकोस, छोटी. ह्या वेळी मी हे हसण्यावारी नेऊ देणार नाही."

तो आठवडा मी ताईच्या कामाच्या झग्याच्या खिशात काढला. ती भंगारवाल्याकडे गेली. बसच्या आगारात जाऊन जुन्या पिशव्या झटकून आली. शिंपिणीला गाठून तिने किती पडद्यांचे काठ चाचपले त्याला गणती नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. प्रत्येक ठिकाणाहून ती रिकाम्या हाती निघाली की खिशात हात घालून मला घट्ट धरायची. तिला मंडळाची एवढी पर्वा नव्हती. दादाने आपल्यावर एकदा तरी विश्वास ठेवावा, एवढेच तिला हवे होते.

आणि मला भीती होती सुईची. खरे टिंब सुईने पडत नाही, हे कबूल. पण माझे टिंब मोहरीहूनही बारीक आणि दाण्याला चिकटलेले. हात जड पडला तर खरे टिंबही छाटले जाते. मग मी खरी असून खोटी ठरले असते, आणि ताईही.

रविवार उजाडला तो ढगाळ. खोलीत सगळे आधीच जमले होते. भिंगआजींनी आभाळाकडे बघून सांगितले, "इथे उजेड पुरणार नाही. टेबल खिडकीशी घ्या." चौघांनी मिळून ते धूड ओढले. कर्रकर्र आवाज झाला. टेबल खिडकीशी गेले आणि माझी बहीण मागे फरशीवर उघडी पडली. ताईच्या चिमटीतून मला ती स्पष्ट दिसत होती. एकाचा बूट तिच्यावर पडला. दुसऱ्याने तिला नकळत पायाने बाजूला सारले. सगळ्यांचे डोळे माझ्यावर खिळलेले होते.

ताईने मला टेबलाच्या कडेला दाबून धरले. दादाने लाकडी मुठीची सुई उचलली. चष्मा पुसला, पुन्हा घातला. सुईचे टोक टिंबाच्या बुडाशी टेकले. त्या पोलादाचा गारवा मला अजून आठवतो. त्याने जोर लावायला सुरुवात केली, अंगाचा भार टेबलावर आला आणि टेबल एकदम एका बाजूला कलले. सुई सटकली. कणसाच्या दाण्यावरून तिने मला खर्रकन ओरखडले.

"आई गं!" ताईच्या तोंडून निघाले. जणू सुई तिलाच लागली होती.

"मी नाही, टेबल हललं," दादा म्हणाला. टिंब जागेवर होते. "पुन्हा धर."

"थांबा रे," भिंगआजी म्हणाल्या. "पायाखालची चकती तिकडे राहिली असेल. टेबल आणलं तेव्हा मीच खुपसली होती. असल्या डगमगीत सुई चालवाल तर नाण्याचा भुगा कराल. बघा कुठे पडलीये ती."

चकती ताईच्याच खुर्चीमागे होती. तिने मला टेबलावर ठेवले, वाकून ती उचलली आणि गुडघ्यांवर बसून टेबलाच्या पायाखाली सरकवू लागली. अर्धी आत गेलीसुद्धा! माझा जीव टांगणीला लागला होता. दादा वरून म्हणाला, "वेळ काढू नकोस, छोटी."

ताई हलली नाही. तिचा अंगठा थांबला होता. कोणताही धातू हाती आला की त्यावरून अंगठा फिरवायचा, ही तिची जुनी सवय. तिने चकती हळूच मागे ओढली, पुन्हा अंगठा फिरवला आणि तिथेच फरशीवर बसकण मारली.

"काय झालं?" भिंगआजींनी विचारले.

ताई उठली आणि तिने ती काळीकुट्ट चकती दादाच्या तळहातावर ठेवली. "दादा, डोळे मीट. बाबांनी शिकवलं होतं तसं. अंगठा फिरव."

वडील दोघांनाही डोळे मिटायला लावून कोरलेली अक्षरे अंगठ्याने वाचायला शिकवत असत. दादाने कैक वर्षांत ते केले नव्हते. त्याच्या कपाळाला आठी पडली, पण त्याने चष्मा काढला, डोळे मिटले आणि अंगठा टेकवला. खाली सायकलच्या दुकानात कोणीतरी चाकात हवा भरत होते, तेवढाच आवाज येत होता. त्याचा अंगठा सालावरून गेला, रेघेवरून गेला, कणसाच्या शेवटच्या दाण्यापाशी पोहोचला आणि थांबला.

"कणसाजवळ," तो म्हणाला. "टिंब कणसाजवळच आहे."

भिंगआजींनी त्याच्या हातातून बहीण घेतली, मला तिच्या शेजारी ठेवले आणि भिंग लावले. बराच वेळ त्या आम्हा दोघींना आळीपाळीने बघत होत्या. टिंब तिथेच. चीर तीच. आणि मळाचा थर इतका जुना की तो काल-परवा कोणी फासलेला नाही हे पोरालाही कळावे. "दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमचा," त्या म्हणाल्या. "ताई मंडळात यायच्या कितीतरी आधी हे मी माझ्या ह्या हातांनी खाली खुपसलंय. सुई ठेव बाबा खाली."

दादाने सुई ठेवली. तो ताईकडे बघू शकत नव्हता. "मला वाटलं, तू परत…"

"माहीत आहे मला," ताई म्हणाली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. "आणि त्या वेळची माफी मी कधी मागितलीच नाही, दादा. फार वाईट वागले मी."

"तू हसलीस त्याचं काही नाही गं. लहान होतीस तू. पण बाबापण हसले."

ताईने त्याचा हात धरला. खोलीतली बाकीची माणसे उगीचच आपापली भिंगे पुसू लागली.

थोड्या वेळाने भिंगआजींनी कोपर टेकले आणि टेबल पुन्हा डगमगले. "आता ह्याच्याखाली काय घालायचं?" त्या म्हणाल्या. दादाने खिशातून पाकीट काढले. पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून एक नाणे बाहेर आले. आमच्याच जातीचे, घासून गुळगुळीत झालेले. सालाच्या खालचे टिंब खरवडलेले, आणि बाजूला डाख निघाल्याचा पांढुरका डाग. ताईने ते बघितले आणि तोंडावर हात ठेवला. तिने लहानपणी बनवलेले तेच नाणे. तिला वाटले होते त्याने ते केव्हाच फेकून दिले असेल.

"रोज खिशात घेऊन फिरायचो," दादा म्हणाला. "आता नको." तो गुडघ्यांवर बसला, टेबल जरा उचलून धरले आणि ते नाणे पायाखाली सरकवले. टेबल हलायचे थांबले. मग तो खालूनच म्हणाला, "छोटी, संध्याकाळी घरी ये. तुझी वहिनी विचारत असते."

मित्रांनो, आता आम्ही दोघी बहिणी ताईच्या खणात एका मऊ कापडावर शेजारी शेजारी असतो. मला बघायला लोक येतात आणि विचारतात, "एवढं दुर्मीळ नाणं, आणि त्यावर हा ओरखडा कसला?" ताई सांगते, "तो माझ्या दादाचा आहे. राहू दे." कोणी मला घासून चकचकीत करायचे म्हटले की ती त्यांचा हात बाजूला सारते. तुम्हीही जुनी नाणी घासू नका, मित्रांनो. त्यांच्या अंगावरच्या रेघा घासून गेल्या की त्यांना आपले कोणी ओळखत नाही.

शंका घ्यायची तर खुशाल घ्या. माझी तक्रार शंकेबद्दल नाही. पण सुई उचलण्याआधी एकदा अंगठा फिरवून बघा. आणि कधी त्या खोलीत गेलात, तर टेबलाच्या त्या पायापाशी जरूर वाका. खाली जे नाणे आहे त्याला सगळे खोटे म्हणतात. पण त्याने आपले टिंब स्वतःहून हलवले नव्हते, आणि आता त्या टेबलाचा सारा भार तेच सोसते आहे.